कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : नांगर, तेल आणि वीज

मृगाचा पाऊस पडून गेल्यावर अमरावतीहून दर्यापुराकडे किंवा अकोल्याहून आकोटाकडे जाणारी डांबरी सडक सोडून जो शेतात पाऊल टाकील, त्यास वऱ्हाडच्या भुईचा स्वभाव निराळा समजावून सांगावा लागत नाही. दहा पावलांत जोड्यास शेर-दोन शेर काळी माती चिकटते. बैलगाडीचे चाक तुंब्यापर्यंत रुतते. सडकेवर वाऱ्याशी शर्यत लावणारी मोटार बांधापाशी येताच मान टाकून उभी राहते. वैशाखात हीच भुई हात-हात खोल भेगाळलेली असते. अशा भुईवर चालणाऱ्या यंत्रास कोणती शक्ती द्यावी, तेलाची की विजेची, हा प्रश्न अलीकडे आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी वारंवार येतो. शहरात विजेवर चालणाऱ्या गाड्या त्यांनी पाहिल्या आहेत; मग ट्रॅक्टर तरी तेलाचा धूर का सोडतो, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देण्याऐवजी आम्ही आज एका थोर कारखानदाराचे चरित्र सांगणार आहोत. त्यांनी स्वतः ट्रॅक्टर केला नाही; परंतु शेतकऱ्याच्या हातास बळ कसे द्यावे, या एकाच विचारात त्यांचे आयुष्य गेले, आणि त्यांच्या घराण्याने तेलाचे इंजिन व विजेची मोटार या दोहोंचे कारखाने एकाच वर्षी उभे केले.

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशीनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलाचा ओढा मात्र ग्रंथांकडे नव्हता. त्यास दोन गोष्टींचा नाद होता : एक चित्रे काढण्याचा आणि दुसरा यंत्रांचा. १८८५ साली वडिलांची इच्छा नसताना, वडील बंधू रामूअण्णा यांच्या आधारावर, लक्ष्मणराव मुंबईस जाऊन जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. चित्रकार व्हावे हे स्वप्न मनाशी होते. परंतु दोन वर्षे उलटतात न उलटतात तोच असे आढळून आले की त्यांची दृष्टी काही अंशी रंगांध आहे. ज्यास रंगच पुरते ओळखता येत नाहीत, त्याने रंगांच्या विद्येत पुढे जावे कसे ? वयाच्या अठराव्या वर्षी हा आघात लहान म्हणता येणार नाही.

पुष्कळ तरुण अशा प्रसंगी घरी परततात. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, परंतु रेषा सोडली नाही. यंत्रांचे आराखडे काढण्यास रंग लागत नाहीत. तेथे माप लागते व स्थिर हात लागतो. त्या विद्येत ते इतके तयार झाले की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना दरमहा ४५ रुपयांवर साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. शिकविता शिकविता त्यांनी संस्थेच्या कारखान्यात यंत्रविद्या शिकून घेतली. १८८८ साली त्यांनी प्रथमच एका मनुष्यास सायकलवरून जाताना पाहिले, आणि लवकरच बेळगावास किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत, रामूअण्णा त्या विकीत आणि १५ रुपये घेऊन सायकलवर बसण्यास शिकवीत. पुढे शाळेत बढतीचा प्रसंग आला असता ती त्यांना डावलून दुसऱ्यास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावास परतले.

बेळगावास त्यांनी लहानसा कारखाना घातला. कडबा कापण्याचे यंत्र हे तेथील पहिल्या कामांपैकी एक. त्यानंतर त्यांनी लोखंडी नांगराचे काम हाती घेतले, आणि येथूनच त्यांच्या आयुष्याची खरी कथा सुरू होते.

आपल्या वऱ्हाडातील विद्यार्थ्यांना या नांगराचे महत्त्व थोडे उलगडून सांगितले पाहिजे; कारण आपल्याकडे भारी काळ्या भुईची मशागत पूर्वापार वखरावर चालत आली आहे. वखराची लोखंडी पास वरची माती मोकळी करते आणि तण कापते. दरवर्षी नांगर घालण्याची चाल आपल्याकडे पूर्वी नव्हती. परंतु कुंदा किंवा हरळी यांसारखे तण एकदा माजले म्हणजे त्यांच्या मुळ्या वखरास दाद देत नाहीत. लाकडी नांगरही भुई नुसती फाडतो, उलथीत नाही. लोखंडी नांगराचा पंखा मातीचा थर उचलून पालथा करतो, मुळ्या उन्हात येतात आणि वाळून मरतात. मात्र या कामास बैलांचा जोर फार लागतो. म्हणजे सुधारलेल्या अवजाराबरोबर शक्तीचा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच उभा राहिला, हे ध्यानात ठेवावे.

१९०३ साली लक्ष्मणरावांचे पहिले सहा नांगर तयार झाले. ते खपण्यास दोन वर्षे लागली. लोखंडाने भुईस विष चढते, असा समज त्या काळी शेतकऱ्यांत होता. आज तो ऐकून हसू येते. परंतु शेतकऱ्याच्या जागी स्वतःस ठेवून पाहिले म्हणजे त्या भीतीच्या पोटात शहाणपणही दिसते. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो त्याच दिवशी दुरुस्त करून देई. त्याचे मोल सुगीच्या धान्यात फिटे. लोखंडी नांगराचा ओतीव फाळ ऐन हंगामात तुटला तर तो कोणी जोडावा ? ओतशाळा शंभर कोसांवर, आणि पाऊस तर कोणासाठी थांबत नाही. जे अवजार गावात दुरुस्त होत नाही त्यावर गरिबाने पैसा का घालावा, हा प्रश्न अडाणी मनुष्याचा नव्हे. ओतकामाचीही येथेच खरी परीक्षा होती. फाळ मऊ झाला तर झिजतो, फार कठीण झाला तर दगडावर आपटून तुटतो. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यास दोष दिला नाही. आपला माल सुधारावा, तो शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत चालवून दाखवावा, आणि धीर धरावा, हा मार्ग त्यांनी पत्करला. हळूहळू नांगर खपू लागले.

इतक्यात दुसरे संकट आले. बेळगावात नवी वस्ती बसविण्यासाठी कारखान्याची जागा सोडण्याचा हुकूम झाला. यंत्रे उचलून न्यावी कोठे, असा पेच पडला. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंत प्रतिनिधी यांच्याकडे लक्ष्मणराव देवळाच्या सभामंडपाचे बांधकाम करीत होते. बाळासाहेब स्वतः चित्रकार व कलेचे भोक्ते होते. त्यांनी लक्ष्मणरावांना कुंडल स्टेशनाजवळची जागा देऊ केली आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. १९१० साली लक्ष्मणराव सुमारे २५ कामगार व त्यांची कुटुंबे घेऊन तेथे उतरले. ती जागा म्हणजे निवडुंगाने भरलेला माळ होता. पाणी थोडे, साप पुष्कळ. तेथे त्यांनी कारखाना उभारला, कामगारांची घरे बांधली आणि शाळा घातली. वाडीत अस्पृश्यता पाळली जाऊ नये, हा त्यांचा कटाक्ष होता. कैद भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी विश्वासाने पहाऱ्यास ठेविले, आणि त्या माणसांनी तो विश्वास राखला. हेच गाव पुढे किर्लोस्करवाडी या नावाने प्रसिद्धीस आले.

१९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले आणि परदेशी लोखंड येईनासे झाले. परदेशी नांगरही येईनासे झाले, त्यामुळे मागणी वाढली; परंतु ओतण्यास लोखंडच नाही, अशी स्थिती झाली. तेव्हा कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी आपल्या जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या. शस्त्रे वितळवून त्यांचे फाळ व्हावेत, ही मानवजातीची फार प्राचीन आशा आहे. ती आपल्या या दक्षिण महाराष्ट्रात, जग रणांगणात उतरले असताना, थोड्या प्रमाणात का होईना पण खरी झाली, हे आठवून आम्हास धन्यता वाटते.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित मंडळी स्थापन झाली. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप असा माल वाडीहून बाहेर पडू लागला. पंपाबरोबर शक्तीचा प्रश्न पुन्हा पुढे आला, आणि आता तो अधिक स्पष्ट झाला. मोट बैलांनी ओढता येते. परंतु सेंट्रिफ्युगल पंपाचे चाक एका मिनिटात शेकडो फेरे घेते, ते बैलांच्या पायांनी फिरत नाही. त्यास एक तर तेलाचे इंजिन हवे किंवा विजेची मोटार हवी.

या दोन शक्तींचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअराच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती तापून उठते. त्या तप्त हवेत तेलाचा तुषार सोडला की तो आपोआप पेट घेतो. ठिणगीची जरूर पडत नाही. १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे झालेल्या परीक्षेत तेलातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णतेचे कार्य झाले, आणि त्या काळी हा मोठाच पराक्रम ठरला. उरलेली उष्णता धुराबरोबर व थंड करणाऱ्या पाण्याबरोबर वाया जाते. विजेच्या मोटारीत धूर नाही, गोंगाट नाही, आणि तिला दिलेल्या शक्तीपैकी शेकडा ८५ ते ९० भाग कामी येतो. शिवाय इंजिनास आधी गती यावी लागते, तेव्हा ते जोर करते. मोटार मात्र थांबलेल्या अवस्थेपासूनच पूर्ण जोर लावू शकते. गुणांची अशी यादी केली तर विजेने सहज बाजी मारावी.

परंतु तारेवाचून वीज नाही, हे त्या काळचे सत्य होते. म्हैसूर संस्थानात शिवसमुद्र येथे १९०२ सालीच कावेरीच्या पाण्यावर वीज होऊ लागली होती. महाराष्ट्रातील खेडी मात्र त्यानंतर कित्येक दशके अंधारात होती. लक्ष्मणरावांचे पुत्र व सहकारी यांनी १९४६ साली जे केले, त्यात या परिस्थितीचे पुरते भान दिसते. त्या एकाच वर्षी पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगलोरास किर्लोस्कर इलेक्ट्रिक या दोन मंडळ्या स्थापन झाल्या. पहिलीची धुरा शंतनुराव यांनी वाहिली, दुसरीची रवींद्र यांनी. एका घरात दोन प्रतिस्पर्धी कसे नांदावेत, असा प्रश्न कोणास पडेल. परंतु ते प्रतिस्पर्धी नव्हतेच. ज्याच्या विहिरीपर्यंत तार पोहोचली त्याने मोटार घ्यावी. ज्याच्या विहिरीपर्यंत ती पोहोचली नाही त्याने पाच अश्वशक्तीचे इंजिन घ्यावे. पुढे महाराष्ट्रात वीज खेडोपाडी गेली, तसतशी विहिरींवरील इंजिनाची फटफट कमी होत गेली आणि मोटारी आल्या. तेथे वीज जिंकली, आणि जिंकावी हेच योग्य होते.

मग ट्रॅक्टरावर ती आजवर का जिंकली नाही ? कारण विहीर एका जागी असते, आणि ट्रॅक्टर चालता असतो. चालत्या यंत्राच्या मागे तार धावू शकत नाही. त्यास आपली शिदोरी बरोबर घ्यावी लागते. ही शिदोरी किती जड होते, ते आमच्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी स्वतः मांडून पाहावे. नांगरटीत ट्रॅक्टरास सरासरी २० अश्वशक्ती लागते आणि तो सहा तास चालतो, असे धरू. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तेव्हा काम झाले सुमारे ९० युनिटांचे. एवढ्या कामास डिझेल २५ ते ३० लिटर लागते. दोन डब्यांत मावेल आणि एक मनुष्य दोन खेपांत ते उचलून आणील. तेच काम आजच्या लिथियमच्या बॅटरीवर करावयाचे तर ती सुमारे १०० युनिटांची हवी, आणि तिचे वजन सहा-सातशे किलो भरेल. भारी ओझ्याने काळी भुई दडपते. दडपलेल्या भुईत पाणी मुरत नाही आणि मुळी उतरत नाही. शिवाय डिझेल संपले तर पाच मिनिटांत पुन्हा भरता येते; बॅटरी भरण्यास तास लागतात.

आमच्या वऱ्हाडात या तासांस विशेष मोल आहे, आणि त्याचे कारण वाफसा. पाऊस उघडल्यावर काळी भुई काही काळ चिखल असते, पुढे ती वाळून टणक होते. या दोहोंमधील थोड्या दिवसांतच तिच्यात औत नीट चालते. तो वाफसा साधला तर पेरणी साधली, चुकला तर बी वाया गेले. पूर्णेच्या दोन्ही तीरांस अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तेथे विहिरीचे खारट पाणी पिकास मानवत नाही, म्हणून सारा भरवसा भुईतील ओलीवर असतो. अशा वेळी यंत्र पहाटेपासून रात्रीपर्यंत चालावे लागते. त्यातच शेतीस मिळणारी वीज कित्येकदा रात्रीच्या पाळीची असते. कर्ज काढून घेतलेले यंत्र ऐन वाफशात उभे राहिले, तर त्यास केवळ गैरसोय म्हणता येत नाही; एखाद्या घराचे वर्ष त्यात बुडते. कापूस पिकविणाऱ्या या जिल्ह्यांत कर्जाच्या भाराने किती घरांचे आधार गेले, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. म्हणून नवे यंत्र पुढे केल्यास शेतकरी दोन पावले मागे सरला, तर त्यास मागासलेला म्हणण्याची घाई कोणी करू नये.

परंतु याचा अर्थ असा नव्हे की आजचा निकाल कायमचा आहे. २०२० साली सोनालिका या भारतीय मंडळीने विजेवर चालणारा लहान ट्रॅक्टर बाजारात आणला. त्याची बॅटरी २५.५ युनिटांची आहे. २०२३ साली दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेनेही लहान शेतकऱ्यांसाठी विजेचा ट्रॅक्टर पुढे ठेविला. वरील गणिताशी ताडून पाहता अशी बॅटरी दिवसभराच्या खोल नांगरटीस पुरणार नाही. परंतु डवरणी, फवारणी, संत्र्याच्या बागेतील हलकी मशागत, अंगणातून बाजारापर्यंतची वाहतूक, ही कामे तिच्या आवाक्यातील आहेत. तेथे डिझेलचा खर्च वाचेल आणि हाकणाऱ्याच्या नाकातोंडात धूर जाणार नाही. वऱ्हाडात ऊन तर मुबलक आहे. त्याचीच वीज करून बांधावर साठविता आली, तर ज्याप्रमाणे विहिरीवर वीज जिंकली त्याप्रमाणे ती कदाचित तासातही जिंकेल. ते काम आज जे वर्गात बसले आहेत त्यांचे आहे.

लक्ष्मणरावांच्या उत्तर वयातही काम थांबले नाही. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहर येथे लेथ बनविण्याचा कारखाना निघाला. १९४८ च्या आरंभी उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचे मोठे नुकसान झाले, तथापि वाडी पुन्हा उभी राहिली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे देहावसान झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

विद्यार्थीमित्रहो, तेल श्रेष्ठ की वीज श्रेष्ठ, असा वाद वर्गात बसून हवा तितका रंगविता येतो. लक्ष्मणरावांच्या चरित्राकडे पाहिले म्हणजे हा प्रश्न निराळ्या रीतीने विचारावा असे आम्हास वाटते. हे यंत्र कोणत्या भुईवर चालणार आहे ? ते मोडले तर जवळ कोण दुरुस्त करील ? ते घेणाऱ्याचे घर ते फेडू शकेल काय ? या तीन प्रश्नांस जे यंत्र उत्तर देईल, ते तेलाचे असो वा विजेचे, शेतकरी त्यास आपले म्हणेल. न खपलेले सहा नांगर दोन वर्षे डोळ्यांसमोर असताना त्यांच्या कर्त्याने शेतकऱ्यास नावे ठेविली नाहीत. तो पुन्हा भट्टीकडे वळला. तुमच्यापैकी कोणी उद्या यंत्रविद्या शिकण्यास पुण्या-मुंबईस गेला, तर त्याने एवढे विसरू नये. आणि आराखडा कागदावर उतरविण्यापूर्वी एकदा मृगाच्या पावसानंतर सडक सोडून शेतात दहा पावले चालून यावे.